कॉम्प्युटरचा पंखा एवढा का घोंगावतो?

डेस्कटॉपचा पंखा आवाज करायला लागला की पहिला सल्ला हमखास मिळतो: कॅबिनेटचे झाकण काढून ठेवा. त्याने आवाज कमी होत नाही. मधला पत्रा गेल्यामुळे तो थेट कानावर येतो आणि धुळीला मोकळे रान मिळते. झाकण काढायचेच, तर दोष शोधण्यापुरते काढावे. काढल्यावर थोड्या वेळात प्रोसेसरचे तापमान बरेच उतरले, तर बाहेरची हवा आत नीट पोचत नाही असे समजावे. पुढची जाळी धुळीने बुजलेली असते, नाहीतर कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेले असते. ते सुधारावे आणि झाकण परत लावावे.

दुसरा समज असा की पंखे जितके जास्त, तितका गोंगाट जास्त. इथे थोडे गणित करायला हवे. पंख्याचा आवाज सगळ्यात जास्त अवलंबून असतो तो फेऱ्यांवर. तोच पंखा निम्म्या वेगाने फिरवला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबलची घट कानाला साधारण निम्म्या आवाजासारखी वाटते, म्हणजे ही घट मोठीच. उलट शेजारी तसाच दुसरा पंखा लावला, तर भर पडते अवघी ३ डेसिबलची. म्हणून मिनिटाला १,८०० फेरे घेणाऱ्या एका पंख्याऐवजी ९०० फेऱ्यांचे दोन लावले, तर हवा जवळपास तेवढीच मिळते आणि आवाज १२ डेसिबलच्या आसपास कमी होतो. ८० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा १२० किंवा १४० मिलिमीटरचा शांत वाटतो तोही याच कारणाने: पाती मोठी, म्हणून तेवढ्याच हवेला फेरे कमी लागतात.

मग फेरे कमी का करत नाहीत लोक? प्रोसेसर जळेल या भीतीने. ही भीती सोडायला हवी. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. मर्यादा जवळ आली की प्रोसेसर स्वतःच आपला वेग उतरवतो, आणि तरीही तापमान चढत राहिले तर मशीन बंद पडते. साध्या कामात ६०-७० अंश दिसले म्हणून पंखा जिवाच्या आकांताने फिरवण्याची गरज नसते.

कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडता येणाऱ्या बायोसमध्ये पंख्याची सेटिंग असते. किती तापमानाला किती वेग, हे तिथे ठरवता येते. मला त्याहून मोलाची वाटते ती तिथली एक दुर्लक्षित सोय: वेग वाढवण्याआधी काही सेकंद थांबण्याची. ब्राउझर उघडला की प्रोसेसरचे तापमान क्षणात दहा-पंधरा अंश उसळते आणि लगेच खाली येते. प्रोसेसरवर बसवलेल्या हीटसिंकचा धातू एवढ्या वेळात फारसा तापतही नाही, तरी पंखा प्रत्येक उसळीमागे धावतो. हा वर-खाली होणारा आवाजच जास्त त्रास देतो, आणि जिथे अभ्यास करणारा आणि झोपलेला एकाच खोलीत असतात तिथे तर फारच. काही मदरबोर्डांवर नुसता हा अवधी वाढवला तरी घर शांत होते. एक मात्र तपासा: पंख्याला तीनच पिना असतील आणि बायोसमध्ये पीडब्ल्यूएम निवडलेले असेल, तर तो कायम पूर्ण वेगाने फिरतो. तिथे डीसी निवडावे.

उन्हाळ्यात पंखा जास्त ओरडतो म्हणजे तो बिघडला, असे नाही. पंखा प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. विदर्भात मे महिन्यात खोली हिवाळ्यापेक्षा १५ अंशांनी जास्त तापली, तर त्याच कामाला प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापणार.

घरघर किंवा करकर मात्र वेगळी. ती बेअरिंगची, आणि सेटिंगने जात नाही. त्यावर घरातले खोबरेल सोडणारे बरेच असतात. ते २४ अंशांच्या खाली गोठते, म्हणजे थंडीच्या सकाळी बेअरिंग जाम. साध्या बुश बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब काही दिवस तारून नेतो. पण काही शे रुपयांत नवा पंखा येतो, तो घ्यावा.

धूळ काढताना पाती बोटाने धरून मगच ब्लोअर मारा, नाहीतर पंखा प्रमाणाबाहेर वेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकते. सफाईनंतरही तापमान चढेच असेल, तर हीटसिंकखालची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. लिक्विड कूलर घेतल्याने शांतता येतेच असे नाही. त्याच्या रेडिएटरवरही पंखे असतात, वर पंपाची गुणगुण.

आवाज एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातून येत असेल, तर तो उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. बाहेरच्या जाळीतून धूळ काढा. तेवढ्याने भागले नाही तर अख्खा एसएमपीएस बदला, आणि वॉरंटी असेल तर बदलून मागा.