झेरॉक्सने काय सिद्ध होतं?

लॉजवर खोली घ्या, सोसायटीत भाड्याने राहायला जा किंवा लग्नासाठी हॉल बुक करा, टेबलापलीकडचा माणूस आधी आधारची झेरॉक्स मागतो. हल्ली तर 'व्हॉट्सॲपवर फोटो टाका' एवढ्यावरही भागतं. ती प्रत फायलीत लागते, फाइल कपाटात जाते आणि ओळख पटवली असं दोन्ही बाजू समजतात.

त्या कागदाने प्रत्यक्षात काहीच सिद्ध होत नाही. नाव किंवा फोटो बदलून हुबेहूब तसाच कागद कुणालाही मोबाइलवर बनवता येतो, आणि झेरॉक्सवर तो फरक दिसत नाही. उलट खऱ्या माणसाने दिलेल्या खऱ्या प्रतीतून त्याचा बारा अंकी नंबर, पत्ता, जन्मतारीख असं सगळंच कायमचं दुसऱ्याच्या हाती जातं. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने, आधारची छायाप्रत सरसकट देऊ नका, असं पत्रक काढलं होतं. लोक त्याचा चुकीचा अर्थ काढतील म्हणून सरकारने ते दोन दिवसांत मागे घेतलं. मला तो इशारा योग्य वाटला होता आणि आजही वाटतो.

खरं तर खात्री करून घेण्याची सोय त्याच कार्डावर छापलेली आहे. क्यूआर कोडचा तो दाट, बारीक ठिपक्यांचा चौकोन साध्या स्कॅनरने वाचला तर आकड्यांची लांबलचक रांग तेवढी दिसते. प्राधिकरणाच्या ॲपने वाचला की तिच्यातून नाव, पत्ता, जन्मतारीख आणि एक छोटा फोटो बाहेर येतो. पूर्ण आधार नंबर त्यात नसतो, शेवटचे चार अंक तेवढे असतात. अगदी शेवटी २५६ बाइट्स उरतात. त्यांचा माणसाच्या माहितीशी वरवर काही संबंध दिसत नाही, पण सगळी मदार त्यांच्यावरच असते. ती प्राधिकरणाची डिजिटल सही.

ही सही म्हणजे गणिताची एक क्रिया. आधी सगळी माहिती एका सूत्रातून जाते आणि तिचा २५६ बिट्सचा ठसा तयार होतो. पत्त्यातला एखादा स्वल्पविराम जरी बदलला तरी या ठशातले साधारण निम्मे बिट्स उलटतात. मग प्राधिकरण आपल्या गुप्त किल्लीने त्या ठशावर सही करतं. या किल्लीच्या जोडीची दुसरी किल्ली जाहीर असते. ती वापरून सही कुणालाही तपासता येते, करता मात्र येत नाही. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ मध्ये शोधलेल्या पद्धतीचा पाया असा, की दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार सोपा असतो, पण गुणाकार हाती देऊन त्या दोन संख्या शोधायला सांगितलं तर आजचे संगणक हात टेकतात. इथे तो गुणाकार सहाशेहून अधिक अंकांचा आहे. जाहीर किल्ली एकदा ॲपमध्ये असली की तपासणीला इंटरनेटही लागत नाही. गडचिरोलीतल्या एखाद्या पाड्यावर रेंज नसली तरी कार्ड खरं की खोटं ते कळतं, आणि कार्डधारकाकडे स्मार्टफोन असण्याचीही गरज नसते.

पण सही खरी असली म्हणून कार्ड आणणारा माणूस तोच असेल असं नाही. टेबलावर समोरासमोर फोटोशी चेहरा ताडून पाहता येतो. इंटरनेटवर ते जमत नाही, कारण माहितीची फाइल कितीही वेळा कॉपी होते. म्हणून नव्या पद्धतीच्या डिजिटल ओळखपत्रात आणखी एक किल्ली असते. ती धारकाच्या फोनमधल्या सुरक्षित चिपमध्ये तयार होते आणि तिथून बाहेर पडत नाही. तपासणारी वेबसाइट दर वेळी एक नवी, कुठलाही क्रम नसलेली संख्या पाठवते आणि फोन तिच्यावर सही करून परत धाडतो. कालची सही चोरून आज चालवता येत नाही, कारण आजची संख्या वेगळी असते.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती हवं तेवढंच दाखवण्याची सोय. मोबाइलवरच्या वाहन परवान्यासाठी २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलं, त्यात ती आहे. परवाना देणारं कार्यालय सगळ्या माहितीवर एकत्र सही न करता प्रत्येक ओळीचा स्वतंत्र ठसा काढतं आणि त्या ठशांच्या यादीवर सही करतं. 'वय १८ पूर्ण: होय' ही देखील त्यातली एक ओळ. दुकानदाराने वय विचारलं की फोन ती एक ओळ आणि सही केलेली यादी दाखवतो. दुकानदार त्या ओळीचा ठसा काढून यादीशी जुळवून पाहतो. नाव, पत्ता, जन्मतारीख त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

इथे एक बारीक धोका होता. शंभर वर्षांत जन्मतारखा असतात जेमतेम साडेछत्तीस हजार. एवढ्या सगळ्या तारखांचे ठसे काढून यादीतला ठसा कोणत्या तारखेचा ते ओळखायला संगणकाला क्षणही लागला नसता. म्हणून ठसा काढण्यापूर्वी प्रत्येक ओळीला वेगळी, अंदाज करता येणार नाही अशी लांब संख्या जोडतात आणि ओळ उघड करतानाच ती सांगतात. झाकलेल्या ओळी मग खरोखरच झाकलेल्या राहतात.

तरीही एक प्रश्न उरतो. एकच सही दोन दुकानांत दाखवली तर दोन्ही दुकानं आपापल्या नोंदी जुळवून गिऱ्हाईक तेच आहे हे ओळखू शकतात. ही भीती डेव्हिड चॉम यांनी १९८५ मध्येच मांडली होती आणि प्रत्येक संस्थेशी वेगळ्या नावाने व्यवहार करण्याची पद्धतही सुचवली होती. त्याच वर्षी गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांनी, विधान खरं आहे यापलीकडे काहीही उघड न करणाऱ्या पुराव्यांचं गणित मांडलं. ते गणित ओळखपत्रांत रुळेपर्यंत साधा उपाय म्हणजे एका माणसाला एकदाच वापरायची पुष्कळ प्रमाणपत्रं देऊन ठेवणं.

किल्ल्याही चुकतात. एस्टोनियात ओळखपत्राच्या चिपवर लोक करारांवर सह्या करतात, मतदानसुद्धा करतात. २०१७ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांना आढळलं, की ती चिप मूळ संख्या निवडताना आडवाट घेते आणि त्यामुळे जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली शोधणं शक्य होतं. सुमारे साडेसात लाख कार्डांवर त्याचं सावट आलं. नोव्हेंबरमध्ये सरकारने त्यांची प्रमाणपत्रं थांबवली आणि अनेकांना नव्या किल्ल्या इंटरनेटवरूनच दिल्या. किल्ली बदलता येत होती म्हणून तो देश सावरला. बोटाचा ठसा असा रद्द करून नवा देता येत नाही. म्हणूनच जागोजागी अंगठा टेकवून घेण्यापेक्षा सही तपासणं मला अधिक सुरक्षित वाटतं.

युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्याने प्रत्येक सदस्य देशाला नागरिकांसाठी अशी ओळखपत्रं ठेवणारं डिजिटल पाकीट उपलब्ध करून देणं बंधनकारक केलं आहे. आपल्याकडे आधार कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. क्यूआर कोडसारख्या ऑफलाइन पद्धतीने ओळख तपासणाऱ्याने आधी संमती घ्यावी, दुसरे पर्याय सांगावेत आणि आधार नंबर गोळा करू नये किंवा साठवू नये, असं तो कायदा तेव्हापासून सांगतो. तपासणीचं ॲप फुकट मिळतं. लॉजच्या टेबलावर, सोसायटीच्या ऑफिसात झेरॉक्स मागितली की 'त्याऐवजी स्कॅन करा' असं म्हणायला आजही कोणाची आडकाठी नाही.