मायस्थेनिया ग्रॅव्हिस: लुळे पडलेले ससे काय सांगून गेले?

सकाळी ठीक, संध्याकाळी पापण्या मिटायला लागतात, जेवताना जबडा थकतो. विश्रांती घेतली की पुन्हा बरं. त्यामुळे घरच्यांना हे नाटक वाटू शकतं. पण बिघाड खरा आहे.

नस अ‍ॅसिटिलकोलीन सोडून स्नायूला निरोप देते, स्नायूवरचे रिसेप्टर तो झेलतात. बहुतेक रुग्णांत शरीराच्याच अँटिबॉडी या रिसेप्टरवर हल्ला करतात. सतत हालचालीत सुटणारं अ‍ॅसिटिलकोलीन कमी होत जातं. रिसेप्टर भरपूर असतील तर ते चालून जातं, इथे मात्र स्नायू थकतो.

हे कळलं कसं? पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांना अँटिबॉडी हव्या होत्या, म्हणून त्यांनी इलेक्ट्रिक ईलचे रिसेप्टर सशांना टोचले. ससे लुळे पडले! त्यांनी या आजारावरचं निओस्टिग्मिन देऊन पाहिलं, आणि ससे सुधारले. १९७३ मध्ये हे 'सायन्स'मध्ये छापून आलं. तुमचा प्रयोग 'बिघडला' तर आधी विचारा: हे आणखी कशासारखं दिसतंय?

आज उपचारांनी अनेक रुग्ण नोकरी-संसार सांभाळतात. गोळ्यांच्या वेळा पाळायच्या. काही अँटिबायोटिकनी त्रास वाढतो, म्हणून प्रत्येक डॉक्टरांना आजार आधी सांगायचा. आणि श्वास घ्यायला किंवा गिळायला जड जायला लागलं, तर थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं.