बांधावर वाळा लावताय? आधी हे वाचा

मोठा पाऊस झाला की कुणाचा ना कुणाचा बांध फुटतो आणि माती ओढ्याला जाते. वाळ्याची ओळ त्यावर चांगला उपाय आहे. मुळं सरळ खाली 2-3 मीटर जातात, त्यामुळे एकदा रुजला की उन्हाळ्यात पाणी मागत नाही.

लागवड जून-जुलैत, जमीन चांगली ओली झाल्यावर. ठोंब फोडून 2-3 फुटवे एकत्र घ्या, पानं वीतभर ठेवून छाटा, मुळं शेणकाल्यात बुडवा. ओळ उताराला आडवीच धरा. दोन ठोंबांत 10-15 सेंमी अंतर, जास्त नको. मोकळी जागा राहिली तर पाणी नेमकं तिथूनच घुसतं, म्हणून महिन्याभरात नांग्या भरा.

पहिल्या वर्षी पावसाने ताण दिला तर पाणी घालावंच लागेल. कोवळी पानं शेळ्या सोडत नाहीत, तेवढं सांभाळा. पुढे गुडघ्याएवढा ठेवून कापत राहा. फुटवे वाढतात, कापलेलं आच्छादनाला येतं.

तेलासाठी मुळं विकायचीत? मग वेगळा वाफा करा. बांधावरची मुळं खणू नका, माती मोकळी होऊन तोच बांध आधी फुटेल.