वैमानिक राजभवनात येतो तेव्हा

राज्यपाल म्हणजे रबरी शिक्का, असं आपल्याकडे चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. ते बरंचसं खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. किती खरं आणि किती नाही, हे घटनेची कलमं पाठ करण्यापेक्षा एका माणसाच्या आयुष्यातून लवकर कळतं. म्हणून आज आम्ही एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ यांची निवड केली आहे. १९८२ ते १९८५ या काळात ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. त्यांच्या आधीचे ओमप्रकाश मेहरा हेही हवाई दलाचे माजी प्रमुखच. म्हणजे मलबार हिलवर लागोपाठ दोन वैमानिक!

लतीफ हैदराबादचे, जन्म १९२३ चा. नांदेड-लातूरच्या माणसाला हैदराबाद परकं नाही; तेव्हा आपण सगळेच निजामाची प्रजा होतो. वयाच्या अठराव्या वर्षी, १९४२ मध्ये, ते हवाई दलात दाखल झाले. महायुद्ध ऐन भरात होतं. इंग्लंडमध्ये हरिकेन आणि स्पिटफायर ही विमानं त्यांनी चालवली आणि मग ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ते लढले.

आम्हाला अधिक महत्त्वाचं वाटतं ते मात्र १९४७. फाळणीत हवाई दलाचीही वाटणी झाली. त्यांचे सहकारी असगर खान आणि नूर खान पाकिस्तानात गेले; दोघंही पुढे तिथल्या हवाई दलाचे प्रमुख झाले. आपल्याबरोबर चला, असा आग्रह लतीफ यांनाही झाला. ते गेले नाहीत. इथं जरा थांबू या. त्या ऑगस्टमध्ये त्यांचं स्वतःचं गाव भारतात नव्हतं! निजाम स्वतंत्र राहू पाहत होता, आणि आपला १७ सप्टेंबर १९४८ उजाडायला अजून वर्षभराहून जास्त अवकाश होता. कुणी धर्माकडे बोट दाखवत होतं, कुणी संस्थानाकडे. चोवीस वर्षांच्या या तरुणानं दोन्ही बाजूला ठेवून आपलं आपण ठरवलं. १९७८ मध्ये तेच भारताच्या हवाई दलाचे प्रमुख झाले.

आता १९८२ कडे येऊ. त्या वर्षी १६ ऑगस्टला उस्मानाबादमधून वेगळा होऊन लातूर जिल्हा अस्तित्वात आला. कलम १६६ प्रमाणे राज्याचा सगळा कारभार राज्यपालांच्या नावानं चालतो, पण निर्णय असतो मंत्रिमंडळाचा. लातूर जिल्हा करावा की नाही, यात लतीफ यांच्या मताला जागा नव्हती, आणि नसावीच. मतं मागायला ते काही गावोगाव फिरले नव्हते. इथं शिक्का हा शब्द बरोबर आहे.

पण याच्या तीन आठवडे आधी, २८ जुलैला, त्याच राजभवनातून दुसरा निर्णय निघाला. बॅ. अंतुले यांनी जानेवारीत मुख्यमंत्रिपद सोडलं होतं. त्यांच्यावर भ्रष्टाचाराचा खटला भरायला राज्यपालांची मंजुरी मागितली गेली होती. आता इथं मंत्रिमंडळाचा सल्ला कसा घ्यायचा? मंत्री त्यांच्याच पक्षाचे. अशा प्रकरणात राज्यपालानं स्वतःच्या विवेकानं ठरवावं, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयातही मान्य झालं. लतीफ यांनी सरसकट होकार दिला नाही, सरसकट नकारही नाही. काही बाबींपुरती मंजुरी दिली, बाकीच्या नाकारल्या. पद सुटल्यावर अशा मंजुरीची गरजच नव्हती, असं १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तो भाग निराळा. कागद समोर आला तेव्हा मात्र वाचायचं, निवडायचं आणि सही करायची, हे एकट्याचंच काम होतं. लढाऊ विमानात बसणाऱ्याला हुकूम पाळणं आणि एकट्यानं ठरवणं, दोन्हींची सवय असते, एवढं आम्ही जाता जाता नोंदवतो. त्यावरून सगळे राज्यपाल सैन्यातूनच आणा, असं कुणी समजू नये.

शेवटी आपल्या मराठवाड्यापुरतं एक. कलम ३७१(२) नुसार विकासाचा पैसा सर्व भागांना न्याय्य वाटला जावा, यासाठी राज्यपालांवर खास जबाबदारी टाकता येते. ही तरतूद १९५६ ची. मराठवाड्याचं वैधानिक विकास मंडळ झालं १९९४ मध्ये, लतीफ राजभवनातून गेल्यावर नऊ वर्षांनी. त्यामुळे हे अधिकार त्यांच्या हाती कधी आलेच नाहीत. ज्यांच्या हाती आले, त्यांनी ते कसे वापरले, हा पुढच्या व्याख्यानाचा विषय.