चायनीजच्या टेबलावर आई

पगार झाल्यावरच्या पहिल्या रविवारी आम्ही घरातली पाच माणसे चायनीज खायला गेलो. मुलीला बारावीला चांगले गुण मिळाले होते आणि तिची मागणी एवढीच होती की नाक्यावरच्या गाडीवर नको, हॉटेलात बसून खायचे. आईलाही सोबत घेतले. आईचे वय ऐंशीच्या पुढे. सारा जन्म भाकरी, डाळ आणि सुकटावर गेलेला. "मला नाही ती गांडुळं गोड लागायची," असे म्हणतच ती रिक्षात बसली.

हॉटेलात शिरल्यावर वेटरने आम्हाला बेसिनजवळचे टेबल दाखवले. पंख्याखालची तीन टेबले रिकामी होती. मी काही बोलणार इतक्यात मुलगीच म्हणाली, "दादा, आम्हाला ते टेबल द्या ना." त्याने दिले. ना वाद, ना तंटा. मग त्याने सूपचे रिकामे वाडगे मांडले. आईने तिच्यापुढचा वाडगा उचलून उलटसुलट करून पाहिला, शेजारच्या टेबलाकडे नजर टाकली आणि हळूच विचारले, "सगळ्यांना ह्याच वाट्या का रे?"

मुलांना त्या प्रश्नात काही कळले नाही. मला कळले. आईच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आपल्या माणसांची कपबशी बाहेर वळचणीला ठेवलेली असे. चहा वरून ओतायचा, बाहेरच बसून प्यायचा आणि कपबशी आपल्याच हाताने विसळून परत तिथेच ठेवायची. पैसे मात्र सगळ्यांएवढेच! राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांची नावे घेऊन सांगितले आहे की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तेथे कुणालाही अडवता येणार नाही. घटनेतली ही ओळ किती मोलाची आहे, ते त्या दिवशी आईच्या हातातल्या वाडग्याने मला पुन्हा शिकवले.

वाचकहो, आज आपली मुले हॉटेलात ताठ मानेने जातात. जावेच! पण गेल्यावर अन्नाची आणि सेवेची पारख कशी करायची, हेही घराघरात बोलले पाहिजे. चायनीज तर आता प्रत्येक वस्तीच्या तोंडाशी आले आहे. तेव्हा त्याच्यापासूनच सुरुवात करू.

हे चायनीज आले कुठून?

आपण ज्याला चायनीज म्हणतो ते बरेचसे भारतात घडले आहे. मांचुरियन हा पदार्थ चीनच्या मांचुरिया भागात कुणाला ठाऊक नाही. कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात तो केला, असे सांगितले जाते. आले, लसूण, हिरवी मिरची ही आपली फोडणी. तीत गरम मसाल्याऐवजी सोया सॉस पडला, वरून मक्याच्या पिठाने दाटपणा आला आणि चिकन मांचुरियन तयार झाले. पुढे कोबी आणि फुलकोबी आली आणि शाकाहारी मांचुरियन गल्लोगल्ली पोहोचले.

हक्का नूडल्समधले हक्का कोण? ही चीनमधली एक जमात. या शब्दाचा अर्थच पाहुणी कुटुंबे असा होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हक्का लोक कलकत्त्याच्या पूर्वेला टांगरा या दलदलीच्या भागात वसले आणि त्यांनी चामडे कमावण्याचे कारखाने काढले. हाच धंदा का? कारण ज्यांना तो विटाळ वाटत होता त्यांनी तो कधी धरलाच नव्हता. शिवाय या कारखान्यांत राबणारे बरेचसे मजूर बिहारमधून आलेले चर्मकार होते. म्हणजे एकीकडे परदेशातून आलेला माणूस आणि दुसरीकडे आपल्याच देशात गावकुसाबाहेर ठेवलेला माणूस, दोघांचे हात एकाच हौदातल्या कातड्याला लागलेले होते.

१९६२ च्या चीन युद्धानंतर या लोकांवर संशयाची कुऱ्हाड कोसळली. सुमारे ३,००० चिनी वंशाच्या माणसांना, त्यात बायका-मुलेही आली, राजस्थानातील देवळी येथील छावणीत नेऊन ठेवले गेले. त्यांतली कित्येक भारतातच जन्मलेली होती. काहींना तिथे वर्षानुवर्षे राहावे लागले. सुटल्यावर अनेकांनी देश सोडला. कॅनडातल्या टोरांटोत आज हक्का हॉटेले आहेत आणि तिथेही आपल्यासारखेच झणझणीत मांचुरियन मिळते.

पुढे १९ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या कारणावरून टांगरा आणि आसपासच्या भागातील पाचशेहून अधिक चामडे कारखाने शहराबाहेर हलवण्याचा आदेश दिला. नवी जागा बांतला येथे ठरली. टांगऱ्यातल्या अनेक घरांनी मात्र तोवर चुलीचा आधार धरला होता. कातड्यांच्या कारखान्यांच्या जागी हॉटेले उभी राहिली. ज्या वस्तीत एके काळी लोक नाक दाबून शिरत, तिथे आता जेवायला गर्दी होते!

कढईकडे बघा

आता पारखीकडे वळू. हॉटेलच्या पाटीवर जाऊ नका, आधी कढईकडे आणि हातांकडे बघा. चायनीजचा आचारी मोठ्या आचेवर झटपट परततो. म्हणून भाजी कुरकुरीत राहायला हवी आणि भात मोकळा. भाजी लोळागोळा झाली असेल, भाताखाली तेलाचे तळे साचले असेल, तर आच कमी होती किंवा पदार्थ आधीच करून ठेवलेला होता. तळणीचे तेल काळे पडून फेसाळत असेल तर तिथून सरळ पाय काढावा.

फ्राइड राइसची एक गोष्ट माता-भगिनींनी जरूर लक्षात ठेवावी. शिजवलेला भात तासन् तास उघड्यावर, उबेत राहिला तर त्यात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा परतल्याने जात नाही. उलट्या आणि जुलाब होतात. म्हणून सकाळी शिजवून रात्रीपर्यंत टोपात बाहेर ठेवलेला भात हॉटेलातला असो की घरातला, धोक्याचाच. भात लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवावा. कच्चे चिकन आणि कापलेली कोबी एकाच फळीवर, एकाच सुरीने होत असेल तर तेही चुकीचे.

रंगाकडे तर नीट बघाच. लालभडक मांचुरियन पाहून लेकरे हरखतात. पण मिरचीने आणि सॉसने एवढा लाल रंग येत नाही. कर्नाटक सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये गोबी मांचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालण्यास बंदी केली. त्या आधी तपासलेल्या १७१ नमुन्यांपैकी १०७ नमुने असुरक्षित निघाले होते. खाल्ल्यावर बोटांना रंग चिकटून राहिला तर समजावे. "रंग न घालता द्या," असे गाडीवाल्याला सांगायला लाजू नये. दहा गिऱ्हाइकांनी सांगितले तर अकराव्यासाठी तो आपणहून डबा बाजूला ठेवील.

अजिनोमोटोचा बागुलबुवा

अजिनोमोटोबद्दल मात्र खूप अफवा आहेत. १९०८ साली जपानमधील किकुनाए इकेदा या शास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या रश्शातली चव वेगळी काढली. ते हे मीठ. टोमॅटोतही त्याच जातीची चव निसर्गतः असते. १९६८ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात एक पत्र छापून आले. चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधड होते, असे त्यात लिहिले होते आणि त्याची जी कारणे असू शकतील त्यांत अजिनोमोटोचेही नाव होते. तेवढ्यावरून चिनी हॉटेलांची जगभर बदनामी झाली. पुढच्या तपासण्यांत नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्यावर असा त्रास खात्रीने होतो, हे काही सिद्ध झाले नाही. एखाद्याला सोसत नसेल तर त्याने टाळावे. वर्षाच्या आतल्या बाळाला ते देऊ नये. बाकीच्यांनी चिंता करायची ती सोया सॉसमधल्या भरपूर मिठाची आणि तेलाची. घरात रक्तदाबाचा रोगी असेल तर जास्तच.

यात आपल्यासाठी एक धडा आहे. अन्न कुणाच्या हातचे आहे यावरून त्याला वाईट ठरवणे किती सोपे असते! आपल्या आज्यांच्या हातचे पाणीसुद्धा असेच नाकारले गेले होते. अन्नाची परीक्षा स्वच्छतेवर, ताजेपणावर आणि चवीवर व्हावी. करणाऱ्याच्या जन्मावर होऊ नये.

बिल वाचा, बोला

बिल आल्यावर मान खाली घालून पैसे देऊ नका. ओळ न् ओळ वाचा. बिलावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असायला हवा. साध्या हॉटेलात जेवणावरचा जीएसटी पाच टक्के आहे आणि तो लावला असेल तर हॉटेलचा जीएसटी क्रमांकही बिलावर पाहिजे. सेवा शुल्क म्हणून हॉटेलवाले परस्पर रक्कम जोडतात, ती सक्तीची नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे स्पष्ट केले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. "हे काढून टाका," असे शांतपणे सांगावे. ऐकले नाही तर १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. साध्या कपड्यांकडे बघून कुणी ताटकळत ठेवत असेल, तर आवाज न चढवता मालकालाच विचारावे. आपण भीक मागायला गेलेलो नसतो.

पण सेवेची पारख दोन्ही बाजूंनी होते, हेही सांगितले पाहिजे. आपल्यापुढे प्लेट ठेवणारा मुलगा नेपाळचा, मणिपूरचा नाही तर बंगालचा असतो. बारा-बारा तास उभा. आपलीच पोरे त्याला "ए चिंकी" म्हणून हाक मारतात, तेव्हा मान खाली जाते. जातीवरून मारलेली हाक काळजात कशी रुतते, ते आपल्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक? मग तीच हाक आपल्या तोंडून यावी? भांडी घासायला चौदा वर्षांखालचे पोर दिसले तर गप्प बसू नये. ते काम कायद्याने बंद आहे. १०९८ वर कळवावे.

आमचे जेवण झाले. भात बरा होता, मांचुरियन जरा खारट होते. ते मी सांगितले आणि वेटरने ऐकून घेतले. आईने नूडल्स मात्र आवडीने खाल्ल्या. "गांडुळं बरी लागली," म्हणाली. उठताना तिने त्या मुलाला जवळ बोलावले, नाव विचारले, गाव विचारले. मग लुगड्याच्या ओट्यातून वीसची नोट काढून त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "तू जेवलास का रे बाळा?"

तो नुसताच हसला. त्याला मराठी फारसे येत नव्हते. पण प्रश्न त्याला कळला होता.