बाजरीचा केवडा आणि न संपणारी चढाओढ

चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळ्याच्या पायथ्याशी, हलक्या मुरमाड रानात खरिपाची बाजरी घेतात. पावसाळ्यात त्यात एखादं रोप पिवळं पडलेलं दिसलं, तर सकाळीच पान उलटून पाहावं. खालच्या बाजूला पांढरी लव असेल, तर तो केवडा. असं रोप वाढलंच, तर कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचा झुपका फुटतो. हाच गोसावी.

या रोगाचा कर्ता स्क्लेरोस्पोरा ग्रॅमिनिकोला. बुरशीसारखा दिसला तरी नात्याने तो शैवालांच्या जवळचा. रात्रीच्या दमट हवेत त्याचे बीजाणू पानाखाली तयार होतात आणि वाऱ्याबरोबर शेजारच्या रोपांवर पडतात. त्याचे दुसरे, जाड कवचाचे बीजाणू मात्र दोन वेगळ्या वंशांच्या मीलनातून जन्मतात आणि जमिनीत वर्षानुवर्षं टिकून राहतात. मीलन झालं की जनुकांची नवी सरमिसळ होते. या रोगाची खरी ताकद इथे आहे.

बाजरीही गप्प बसत नाही. झाडाच्या अंगात फिरतं रक्त नसतं, म्हणून प्रत्येक पेशी आपला पहारा आपणच देते. रोगकारक पेशीचा प्रतिकार दाबण्यासाठी काही प्रथिनं आत सोडतो. त्यातलं एखादं ओळखणारं जनुक झाडाकडे असेल, तर ती पेशी स्वतःच मरून जाते आणि जिवंत पेशींवरच जगणारा रोग तिथेच अडतो. अमेरिकेत हॅरोल्ड फ्लोर यांनी 1940 च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर दाखवून दिलं, की झाडातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला रोगातलं एक जनुक जोडीदार असतं. ते जोडीदार जनुक बदललं, की झाडाला शत्रू ओळखू येत नाही.

जुन्या गावरान बाजरीत परागीभवन परस्परांत होत असल्याने प्रत्येक ताट थोडं वेगळं असे. एकाला चकवणारा रोग दुसऱ्यापाशी अडे. 1965 मध्ये एचबी 1 हा संकरित वाण आला, उत्पन्न वाढलं. पण त्याची आणि पाठोपाठच्या वाणांची मादी एकच होती, अमेरिकेतून आलेली टिफ्ट 23 ए. लाखो एकरांवर एकसारखीच ताटं उभी राहिली. त्यांना चकवणाऱ्या वंशाला मग रान मोकळंच मिळालं. 1970 च्या दशकात केवड्याच्या साथी आल्या आणि ते वाण मागे पडले.

नवे प्रतिकारक गुण मोठ्या प्रमाणात पश्चिम आफ्रिकेतल्या बाजरीत सापडले. तिथे या पिकाची आणि या रोगाची ओळख फार जुनी, त्यामुळे झाडाकडे शस्त्रंही अधिक. हरियाणाच्या एचएचबी 67 या संकरित वाणात जनुकखुणांच्या मदतीने असे गुण घालून 2005 मध्ये सुधारित वाण दिला गेला. आपल्या धुळ्यातही राहुरी कृषी विद्यापीठाची बाजरी संशोधन योजना आहे.

म्हणून शेतकरी बंधूंनो, कोणताही वाण कायमचा प्रतिकारक समजू नका. एकच वाण शिवारभर वर्षानुवर्षं पेरू नका, बियाण्याला मेटॅलॅक्झिलची प्रक्रिया करा आणि केवड्याचं रोप दिसताच, पानं वाळण्याआधी, उपटून जाळून टाका.