सार्कोपेनिया म्हणजे मांसाचं दारिद्र्य

बांगड्या सैल होतात. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. भरलेली कळशी उचलवत नाही. घरातले म्हणतात, "वय झालं आता." वॉर्डात नर्स असताना मीही कित्येक आजींना हेच सांगितलं. ते उत्तर अपुरं होतं. या अवस्थेला वैद्यकशास्त्रात नाव आहे : सार्कोपेनिया.

१९८८ साली अमेरिकेतील अल्बुकर्की शहरात वृद्धांच्या आरोग्यावर बैठक झाली. तिथे पोषणतज्ज्ञ डॉ. आयर्विन रोझेनबर्ग यांनी मुद्दा मांडला की, वयाबरोबर शरीरात स्नायूंइतकं ठळकपणे काहीच घटत नाही. तरी या घटीकडे लक्ष जात नाही. लक्ष जायचं तर आधी तिला नाव हवं. त्यांनी दोन ग्रीक शब्द जोडले. 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे दारिद्र्य. १९८९ मध्ये हा शब्द छापून आला. अमेरिकेच्या रोगसूचीत त्याला स्वतंत्र क्रमांक मिळायला २०१६ उजाडलं.

प्लास्टर काढल्यावर बारीक दिसणाऱ्या पायाला डॉक्टर 'ॲट्रॉफी' म्हणतात. तोही ग्रीक शब्द, अर्थ 'पोषण नसणं'. सार्कोपेनिया मात्र वयाबरोबर हळूहळू सगळ्या अंगात उतरतो. चरबी वाढली तर वजनकाट्यावरही कळत नाही.

घरी एक चाचणी करता येते. खुर्ची भिंतीला टेकवा, शेजारी कुणी उभं राहा. आजी-आजोबांना हात छातीवर बांधून पाच वेळा उठायला-बसायला सांगा. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर डॉक्टरांना दाखवा. पोटरीचा घेरही मोजा. पुरुषांत ३४ आणि बायकांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तरी दाखवा. ही मोजमापं आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ साली ठरवली आहेत. माणूस थोड्याच दिवसांत झपाट्याने वाळत असेल, तर मात्र क्षयरोग, मधुमेह यांची तपासणी लगेच करा.

उपाय दोन : ताकदीचा व्यायाम आणि प्रथिनं. रोज खुर्चीवरून उठबस करा, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचला. वृद्धांना वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या आजीला ५० ते ६० ग्रॅम. डाळ, चणे, अंडी, सुकट, दूध यांतून ती मिळतात. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाचं पातळ वरण आजीच्या ताटात येतं. तिच्या अंगातलं दारिद्र्य तिथूनही सुरू होतं. आज घट्ट वरण आधी तिला वाढा.